एकशे नव्वद सेट, एकशे नव्वद मिनिटं

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्या पुण्यातल्या कॉलेजच्या फेस्टमध्ये मी टेकन ७ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची टूर्नामेंट घेतली. परवानगीच्या अर्जात "कार्यक्रमाचा कालावधी" असा एक रकाना होता. मी त्यात "सकाळी ९ ते दुपारी १.३०" असं ठोकून दिलं. ग्रँड फायनल संपली तेव्हा रात्रीचे ८.५५ वाजले होते, आणि हॉलचे वॉचमन काका दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन अर्धा तास उभे होते.

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता, याचंच जास्त वाईट वाटतं. व्यवस्थित हिशोब केला होता.

त्याच्या आदल्या वर्षी लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने आधी इव्हो जपान आणि मग लास वेगासची मुख्य इव्हो, अशा फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. आपल्या शेजारचा, आपल्यासारखाच लोड शेडिंग बघितलेला मुलगा कोरियन-जपानी दिग्गजांना हरवतो म्हटल्यावर होस्टेलमधले जे कायम फिफा खेळायचे तेही टेकनकडे वळले. नोंदणी ४० च्या पुढे जाणार नाही असं वाटलं होतं, ती ९६ वर जाऊन थांबली. आणि मी हट्टाने सांगितलं होतं की डबल एलिमिनेशनच ठेवायचं. पन्नास रुपये भरून, चिंचवडहून दोन बस बदलून आलेला पोरगा पाच मिनिटांत हरून घरी जायला नको.

डबल एलिमिनेशन म्हणजे दोनदा हरलात तर बाहेर. पहिल्यांदा हरलात की विनर्समधून लुजर्समध्ये पडता, तिथे हरलात की संपलं. शेवटी दोन्हींकडचे विजेते ग्रँड फायनल खेळतात. फेस्टचे आमचे प्रभारी सर सांगलीचे, तालमीतले. त्यांना हे काही केल्या पटेना. "अरे, हरलेला पोरगा परत कसा काय खेळतोय?" मी म्हटलं, सर, बीजिंगला सुशीलकुमारला ब्राँझ मिळालं ते रिपेचेजमधूनच, हरलेल्यांना परत संधी देणाऱ्या फेरीतूनच ना? सरांचा चेहरा उजळला. पण पुढे म्हणाले, "रिपेचेजवाल्याला सोनं मिळत नाही." बरोबर होतं. आमच्याकडे मात्र मिळतं, आणि सगळा वेळ तिथेच जातो, हे तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

एकूण सेट, म्हणजे दोघांमधले पूर्ण सामने, किती होणार, हे काढायला सोपं आहे. विजय मोजायचे नाहीत, पराभव मोजायचे. प्रत्येक सेटमध्ये कोणीतरी एकच जण हरतो. ९६ पैकी विजेता सोडला तर ९५ जण प्रत्येकी दोनदा हरणार. म्हणजे १९०. विजेताही एकदा हरून आलेला असेल तर १९१. ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांचा तक्ता, १२८ चा असला आणि त्यात ३२ जणांना बाय मिळाला, म्हणजे ते न खेळताच पुढच्या फेरीत गेले, तरी हा आकडा बदलत नाही, कारण बायमध्ये कोणी हरत नाही. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की पुढचा हिशोब मी त्याच धुंदीत केला.

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मी २० सेट मोजले. बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकेल त्याचा सेट, आणि प्रत्येक गेममध्ये तीन राउंड आधी जिंकेल तो. सरासरी सात मिनिटं आली. एक मिनिट इकडचं तिकडचं म्हणून जास्त धरलं, आठ. गेम खेळायची मशीनं, म्हणजे पीएस फोर, आठ जमले होते, प्रत्येकाचं एक स्टेशन. १९० सेट, प्रत्येकी ८ मिनिटं, भागिले ८ सेटअप. म्हणजे १९० मिनिटं. तीन तास दहा मिनिटं! सेटमागे एक मिनिट इतका गोंडस आकडा बघून मी वहीत त्याच्याभोवती चौकट काढली. वर जेवणाला वेळ, बक्षीस समारंभ, झालं दीडपर्यंत.

पहिला धक्का सकाळीच बसला. उद्घाटनाला येणारे पाहुणे दहाला आले, दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, दोन भाषणं. पहिला सेट सुरू व्हायला १०.४० झाले. ते एक सोडा, कॉलेजच्या कार्यक्रमात हे गृहीतच धरायला हवं होतं.

खरी गंमत त्यानंतर. स्टेशन क्रमांक चारवर एक सेट संपला. मी माईकवर पुढच्या दोघांची नावं पुकारली. एक आला. दुसरा कॅन्टीनमध्ये चहा पीत होता, त्याचा मित्र त्याला बोलवायला धावला. आल्यावर त्याने बॅगेतून स्वतःचा कंट्रोलर काढला, तो त्या पीएस फोरला जोडायला वायर शोधली. मग बटणं लावली. मग प्रॅक्टिस मोडमध्ये "एकदा बघतो" म्हणून दोन कॉम्बो मारून झाले. मग कॅरेक्टर निवडणं, मग पीएस फोरवर टेकन ७ चं ते प्रसिद्ध लोडिंग. सेट झाल्यावर दोघांनी हात मिळवला, कोण कुठे चुकलं यावर चर्चा केली आणि निकाल न सांगताच निघून गेले. निकाल काय लागला हे विचारायला आमचा एक व्हॉलंटियर त्यांच्या मागे.

दुपारी जरा श्वास मिळाला तेव्हा मी पाच-सहा सेट घड्याळ लावून बघितले. पण यावेळी एक सेट संपल्यापासून त्याच स्टेशनवरचा पुढचा सेट संपेपर्यंत. पुकारा करून माणूस खुर्चीत बसेपर्यंत तीन मिनिटं. कंट्रोलर आणि बटणं, दोन. खेळ, सात. निकाल माझ्या टेबलापर्यंत पोचायला एक. तेरा! माझी सात मिनिटं चूक नव्हती, पण होस्टेलमध्ये दोघंही आधीच खुर्चीत बसलेले होते. खुर्ची रिकामी असण्याचा वेळ मी मोजलाच नव्हता.

कंट्रोलरचं एक खास प्रकरण सांगायलाच हवं. पीएस फोरचा कंट्रोलर एकदा एखाद्या मशीनला जोडला की तो बिनतारी जोडलेलाच राहतो. पोरगं हरून निघून जातं, कंट्रोलर बॅगेत, बॅग पाठीला. दहा मिनिटांनी गर्दीत कोणाचा तरी धक्का लागतो, बॅगेतलं मधलं बटण दाबलं जातं आणि तिकडे स्टेशन सहावर तिसऱ्या गेमच्या शेवटच्या राउंडमध्ये स्क्रीनवर मेन्यू उघडतो. मध्येच पॉज झाला तर राउंड जातो हा नियम. पण पॉज करणारा तर खेळतच नव्हता! त्यावर वीस मिनिटं वाद झाला. पुढे मी प्रत्येक स्टेशनला चिठ्ठी लावली : उठण्यापूर्वी कंट्रोलर अनपेअर करा. कोणी वाचली नाही. शेवटी एक व्हॉलंटियर फक्त तेवढ्याच कामाला ठेवला.

आठपैकी एक मशीन पहिल्या तासातच प्रोजेक्टरला गेलं, कारण सर म्हणाले पब्लिकला काहीतरी दिसलं पाहिजे. त्यात प्रोजेक्टरवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे खेळाडू त्यावर खेळायला तयार होईनात. मग स्प्लिटर आणून खेळणाऱ्यांना मॉनिटर आणि प्रेक्षकांना प्रोजेक्टर अशी सोय करेपर्यंत ते स्टेशन बंद. बाराच्या सुमारास आणखी एका पीएस फोरचं एचडीएमआय सॉकेट सैल होऊन चित्र जायला लागलं. राहिले सहा.

नऊ जण आलेच नाहीत. वरवर बघता हा फायदाच, नऊ जणांचे १८ सेट वाचले. पण मी दयाळूपणा दाखवला. प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारून दहा मिनिटं थांबायचं आणि मगच बाद. आणि बाद केलेला माणूस ब्रॅकेटमध्ये आपोआप लुजर्सला जातो. तिथे परत त्याचं नाव, परत तीनदा पुकारा, परत दहा मिनिटं. न आलेल्या माणसाची मी दोन-दोनदा वाट पाहिली. त्यातला एक तर, नंतर कळलं, नाशिकला घरी झोपला होता.

पण हे सगळं धरूनही रात्रीचे नऊ वाजायला नको होते. सेट उरले १७२. प्रत्येकी १३ मिनिटं, सहा स्टेशनं, म्हणजे सहा तासांच्या थोडं पुढे. पावणेअकराला सुरू केलं आणि जेवणाला पाऊण तास सोडला तरी संध्याकाळी पावणेसहाला संपायला हवं होतं. वरचे तीन तास कुठे गेले, हे समजायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले. लॉकडाऊन लागलं होतं, वेळच वेळ होता. मी त्या दिवसाचा ब्रॅकेट प्रिंट करून भिंतीला चिकटवला आणि पेन्सिलीने वेळा भरत बसलो.

तेव्हा दिसलं ते असं. ब्रॅकेट हा वडाच्या झाडासारखा नाही, नरसाळ्यासारखा आहे. सुरुवातीला विनर्सच्या पहिल्या फेरीत ३२ सेट, दुसऱ्या फेरीत ३२, लुजर्समध्येही ३२. जितकी स्टेशनं तितकी कामाला लागतात. पण लुजर्समध्ये पुढे फेऱ्या अशा येतात : १६, १६, ८, ८, ४, ४, २, २, १, १. प्रत्येक आकडा दोनदा. कारण एक फेरी लुजर्सवाले आपापसात खेळतात आणि दुसऱ्या फेरीत वरून विनर्समधून नुकते पडलेले त्यांना येऊन भिडतात. विनर्समध्ये सात फेऱ्या, लुजर्समध्ये अकरा. पहिल्याच सेटला हरलेला एखादा जिद्दी पोरगा शेवटपर्यंत आला तर त्याला विनर्सची १, लुजर्सच्या ११, ग्रँड फायनल आणि रिसेट (लुजर्सवाल्याने ग्रँड फायनल जिंकली की दोघांचा एकेक पराभव होतो, म्हणून परत एक सेट), असे एकामागून एक १४ सेट खेळावे लागतात. ही साखळी. तुमच्याकडे १०० पीएस फोर असले तरी ही साखळी तोडता येत नाही. पुढचा सेट मागचा संपल्याशिवाय लागतच नाही.

आता लुजर्समध्ये ८ सेटची फेरी आली, तिथून शेवटपर्यंत मोजा. ८, ८, ४, ४, २, २, १, १, एकूण ३० सेट. माझ्या वहीतल्या चौकटीतल्या हिशोबाने त्यांना लागतात ३० मिनिटं. प्रत्यक्षात त्या आठ फेऱ्या आहेत, वर ग्रँड फायनल आणि रिसेट धरून दहा. दहा गुणिले तेरा, दोन तास दहा मिनिटं, आणि तेही प्रत्येक फेरीतले सगळे सेट एकाच वेळी सुरू झाले आणि एकाच वेळी संपले तर. तसं कधी होत नाही. एकाचा सेट चार मिनिटांत २-० होतो, शेजारच्या दोघांचा अकरा मिनिटं चालतो, आणि पहिला बिचारा त्या दुसऱ्याच्या विजेत्याची वाट बघत बसतो. सरासरी ही बेरजेला ठीक असते. साखळीत मात्र सगळ्यात हळू सेट जितका वेळ घेईल तितका सगळ्यांना लागतो.

त्यात मी स्वतःच्या हाताने आणखी एक घोळ घातला होता. ब्रॅकेट चालवायची वेबसाइट ज्या क्रमाने सेट दाखवते त्या क्रमाने मी पुकारत होतो, आणि ती आधी विनर्स दाखवते. परिणाम असा की तीनच्या आसपास विनर्स ब्रॅकेट सेमीफायनलपर्यंत येऊन थांबला होता, आणि लुजर्समध्ये अजून १६ ची दुसरी फेरीसुद्धा पुरी झाली नव्हती. विनर्समध्ये उरलेले चौघं तीन तास रिकामे बसले. एक जण एफसी रोडला जाऊन जेवून आला. दुसरा मागच्या बाकावर चक्क झोपला. त्याच्या चपलांचा फोटो आमच्या ग्रुपचा डीपी होता बरेच दिवस.

आणि शेवटचे आठ. हे आठ जण प्रोजेक्टरवर एकेक करून खेळवायचे, बेस्ट ऑफ फाइव्ह, असं मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. आठ जण म्हणजे विनर्सचे चार, लुजर्सचे चार. इथेही पराभव मोजा : लुजर्सवाल्या चौघांचा प्रत्येकी एक, विनर्सच्या चौघांपैकी तिघांचे प्रत्येकी दोन. दहा सेट, रिसेट झाला तर अकरा. तोडीस तोड खेळाडू असतील तर बेस्ट ऑफ थ्री सरासरी अडीच गेम चालतो आणि बेस्ट ऑफ फाइव्ह चारच्या किंचित वर. शेवटचे आठ म्हणजे तोडीस तोडच. सेटला १४ मिनिटं. अकरा सेट एकाच स्क्रीनवर, म्हणजे दोन तास चौतीस मिनिटं. आठ पीएस फोरपैकी सात बंद करून ठेवले असते तरी चाललं असतं. त्या दिवशी शेवटचे आठ सुरू झाले सव्वासहाला. आणि अर्थातच लुजर्समधून आलेल्याने ग्रँड फायनल जिंकली, दोघांचाही एकेक पराभव झाला, रिसेट. हॉलमध्ये उरलेली २०-२५ पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी काकांच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघत होतो.

पुढच्या वेळी, २०२३ मध्ये, मी कॉलेजातून बाहेर पडलो होतो, पण ज्युनियर पोरांनी बोलावलं. योगायोगाने नोंदणी पुन्हा ९६. यावेळी मी आधी साखळी काढली आणि मग बेरीज.

पूल, म्हणजे छोटे गट केले. ही काही माझी अक्कल नाही. इव्होला त्या वर्षी स्ट्रीट फायटर ६ साठी ७ हजारांहून जास्त लोक होते. दोन-दोन पराभवांच्या हिशोबाने १४ हजारांच्या वर सेट, आणि ते तीन दिवसांत उरकतात, कारण प्रत्येकाला आपला पूल, आपली वेळ ठरवून दिलेली असते. मी ९६ चे १२-१२ जणांचे आठ पूल पाडले. प्रत्येक पुलातून दोघे वर, एक विनर्समधून, एक लुजर्समधून. दहा जण दोनदा हरून बाहेर, वर गेलेला एक जण एकदा हरलेला, म्हणजे पुलाला २१ सेट. प्रत्येक पुलाला दोन स्टेशनं. कागदावर ओळीने मांडून बघितलं, दोन-दोन करत अकरा पाळ्यांत २१ सेट बसतात. पाळीला १२ मिनिटं (कंट्रोलर यावेळी आम्हीच ठेवले, वायरचे, स्टेशनला चिकटवलेले, एक मिनिट तिथे वाचलं). दोन तास बारा मिनिटं. मी अडीच तास धरले. चार पूल दहाला, चार पूल साडेबाराला. दुसऱ्या तुकडीला सांगितलं, दहाला येऊच नका.

नियम तीनच केले. लुजर्सचा सेट तयार असेल तर तोच आधी पुकारायचा, विनर्सवाले थांबतील. पुलाच्या वेळेला दहा मिनिटं झाली आणि माणूस नसेल तर दोन्हीकडून एकदमच बाद. आणि प्रत्येक पुलाला एक माणूस, त्याच्या हातात कागद, माईक नाही. बारा पोरं एकाच कोपऱ्यात बसलेली असतील तर नाव पुकारायला माईक कशाला लागतो? पुकाऱ्याची ती तीन मिनिटं अर्ध्या मिनिटावर आली. या एका गोष्टीने जितका वेळ वाचला तितका कशानेच नाही, हे माझं प्रामाणिक मत. तो वेळ मी हिशोबात धरलाच नाही, तसाच गाठीला ठेवला.

सर यावेळीही होते. अर्जातला रकाना बघून म्हणाले, "सकाळी १० ते रात्री ८? मागच्या वेळी दीड लिहिलं होतंस." मी त्यांना एक्सेल शीट दाखवली. तीनपर्यंत पूल, अर्धा तास जेवण, १६ जणांचे आठ करायला १२ सेट, म्हणजे दोन फेऱ्या, अर्धा तास धरा. पावणेपाचला शेवटचे आठ, रिसेटसह सव्वासातच्या सुमारास. मध्ये ४५ मिनिटं मोकळी सोडली. "ही कशासाठी?" कशासाठी ते माहीत नाही म्हणूनच, सर. त्यांना ते आवडलं.

त्या ४५ पैकी २० मिनिटं वीज गेली तेव्हा खर्ची पडली. बाकी पूल सगळे वेळेत झाले, तिसरा तर दहा मिनिटं आधीच. ग्रँड फायनल विनर्सवाल्याने ३-० मारली, नऊ मिनिटांत. रिसेट नाही. घड्याळात ७.१० झाले होते.

पण बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना मागच्या वेळचा अनुभव लक्षात ठेवून आठची वेळ दिलेली. ते सव्वाआठला आले. तोपर्यंत विजेता आणि उपविजेता दोघांनी परत मशीन चालू करून फर्स्ट टू टेन, म्हणजे आधी दहा गेम जिंकेल तो, असं लावलं होतं. पाहुणे आत आले तेव्हा स्कोअर होता सात-आठ, आणि दोघांपैकी कोणीही स्टेजवर यायला तयार नव्हतं.